जिनेवाल्यांनी फ्लॅट पाहिला

लिफ्टचं दार उघडलं तसे सगळे माईंच्या मागोमाग आत शिरले. बाहेर राहिले ते एकटे जिनेवाले.

"बाबा, या ना. जागा आहे," थोरला म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," म्हणत त्यांनी मान वळवली. दार मिटता मिटता माईंना दिसलं, त्यांची नजर लिफ्टशेजारच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली होती.

माईंना त्याचं नवल वाटलं नाही. ज्याचा बाप जिने करता करता म्हातारा झाला, ज्याने स्वतः उभा जन्म लोकांच्या घरात जिने बसवले, ज्याचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागतं, तो माणूस नव्या इमारतीत येऊन जिना न बघता वर जाईल? उपाशी माणूस एक वेळ वाढलेलं ताट ओलांडून जाईल. देव प्रत्येकाला कशाचं ना कशाचं वेड देतो आणि मग वर बसून गंमत बघतो. माईंना एवढंच वाटायचं की गंमत बघताना त्याने कधीतरी त्या वेड्याच्या बायकोकडेही बघावं.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. मावशीने, म्हणजे माईंच्या धाकट्या बहिणीने, कमरेची किल्ली काढून दार उघडलं. मावशी याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या लाइनी जोडल्या आणि आता निवृत्त होऊन ती अख्ख्या इमारतीच्या बातम्या जोडायची. हा फ्लॅट तिच्या डोक्यावरचा. मालकीण शिवणकाम करणारी एकटी बाई, लेकाकडे परगावी निघालेली. तिला दुसरं गिऱ्हाईकही होतं, पण मावशीच्या शब्दाखातर ती आजची संध्याकाळ थांबली होती. या घटकेला ती खाली मावशीच्याच घरी वाट बघत बसली होती. हो की नाही, एवढंच तिला हवं होतं.

रिकामी खोली. भिंतीवर कपाटाच्या जागेचा फिकट चौकोन, कोपऱ्यात दोऱ्याचं एक रिकामं रीळ, आणि पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवर ऐसपैस पसरलेलं. थोरल्याने वर्तमानपत्रं अंथरली, मावशीने थर्मास उघडला. माई मात्र उभ्याच राहिल्या. त्यांनी छताकडे पाहिलं. वर कुणाचं तरी घर होतं. त्या घराच्या वर आणखी कुणाचं तरी. पाऊस आला, वारा आला, तर तो आधी त्या लोकांचा. कौल सरकलं म्हणून कुणी शिडी लावणार नाही आणि 'शिडी धर गं' म्हणून कुणी हाक मारणार नाही. माईंच्या छातीतून एक मोठा श्वास सुटला. इतक्या वर्षांचा तो आत कुठे अडकून पडला होता कोण जाणे.

हे वेड त्यांना लागलं ते मावशीकडे येता-जाता. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून त्या सावकाश जिन्याने उतरत होत्या, आणि दुसऱ्या मजल्यावर एका घराचं दार उघडं होतं. आत त्यांच्याच वयाचं जोडपं बसलेलं. नवरा संत्रं सोलत होता. घाई नाही, गडबड नाही. एकेक शीर काढून फोड बायकोच्या हातावर ठेवत होता, आणि बायको खिडकीबाहेर बघत काहीतरी सांगत होती. बस, एवढंच. माई उंबऱ्यासमोर थबकल्या आणि लाज वाटून पुढे झाल्या. पण त्या दिवसापासून घरी भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे संत्रं सोलत बसलेला असायचा. त्याला दुसरं काही काम नव्हतं, हीच त्यातली मोठी गोष्ट.

आणि त्यांच्या घरी? त्या सून म्हणून आल्या तेव्हा घरात सासऱ्यांच्या हातचा जिना होता, उभा, शिडीसारखा. सासरे म्हणायचे, जिना चढताना माणसाला देव आठवला पाहिजे. आठवायचाच, उतरताना तर जास्त. सासरे गेल्यावर जिनेवाल्यांनी तो काढला आणि आपला बसवला. त्या वेळी धाकटी पोटात होती. पायऱ्या बेताच्या, कठडा हाताला गुळगुळीत. बघायला लोक यायचे. पुढे माईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता तिसरा जिना केला. प्रत्येक पायरी बोटभर बुटकी. आता पायरी बुटकी झाली की पायऱ्या वाढतात, पायऱ्या वाढल्या की जिना लांबतो, पण घर काही लांबत नाही. तो लांबलेला जिना पुढच्या खोलीत उतरला आणि खिडकीशी दोन माणसं टेकतील एवढी जी जागा होती, ती गिळून बसला. "बघ चढून," जिनेवाले म्हणाले होते, आणि त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा झाला होता. माई चढल्या, उतरल्या. गुडघ्यांना खरंच बरं वाटलं. "छान झालाय," म्हणाल्या, आणि खिडकीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

इकडे वर्तमानपत्रांवर लढाई सुरू झाली होती. धाकटी पोहायला शिकवते; तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाणारा, रिकाम्या खोलीत तर तो घुमायलाच लागला. गेल्या आठवड्यातल्या भांडणानंतर ती भावाशी बोलत नव्हती, त्यामुळे त्याला सांगायचं ते सगळं ती मावशीला सांगत होती. घर म्हणजे काय, पायाखाली आपली जमीन, मावशी. इथे पायाखाली तू आहेस. भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला विचारा, गच्चीवर जायचं तर किल्ली मागा, आणि महिन्याच्या महिन्याला त्या मीटिंगा. पेटीत भरून ठेवल्यासारखी माणसं.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान. तो कुणाशीही बोलताना समोरच्याला कुठला नंबर बसेल अशा नजरेने बघतो. तोही मावशीलाच म्हणाला, की खिळे ठोकायचा जिला एवढा सोस आहे तिने महिन्यातून एकदा घरी येऊन एखादा ठोकावा. कौलं गळतात तेव्हा फोन दुकानात येतो, तलावावर नाही. बाबा या वयात छपरावर चढतात आणि आई खाली शिडी धरून उभी. उद्या दोघांतलं कोण आधी पडेल त्यावर पैज लावायची का?

"मला मध्ये घालू नका," मावशी म्हणाली. "मी नोकरी सोडलीय." पण लगेच स्वतःच मध्ये पडली, आणि इमारतीची थोरवी गाऊ लागली. दिवा गेला तर वॉचमनला सांगायचं. नळ गळला तर वॉचमनला सांगायचं. आजारी पडलं तर दारावर थाप मारायची की समोरची हजर. रात्री भिंतीपलीकडून कुणाचं तरी खोकणं ऐकू येतं, आणि त्या खोकण्याचासुद्धा आधार वाटतो बाई. "घर पाहावं बांधून म्हणतात ना? मी म्हणते, पाहावं, आणि मग दुसऱ्याला देऊन इथे राहायला यावं."

धाकटीने आईकडे पाहिलं. "आई, तू बोल. तुला खरंच हे हवंय? की दादाने भरवलंय?"

माई म्हणाल्या, हवंय. फार दिवसांपासून हवंय. का हवंय ते पोरांपुढे काय सांगणार? तुमच्या बापाने माझ्यासाठी संत्रं सोलावं म्हणून फ्लॅट घ्या?

"पण बाबा हो म्हणणार नाहीत," धाकटी म्हणाली, आणि या एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. जिनेवाल्यांनी आजवर ताकास तूर लागू दिली नव्हती. घराचा विषय निघाला की ते कठड्याला हात लावून बघायचे, सैल झालाय का.

एवढ्यात ते दारात आले. चार मजले चढून आलेला म्हातारा माणूस, दमलेला असायला हवा. पण त्यांचे डोळे लकाकत होते, गुडघ्यांना धूळ लागली होती आणि हातात घडीची फूटपट्टी उघडी होती.

"घेऊ या," ते म्हणाले.

मावशीच्या हातातला कप तसाच राहिला.

"घेऊ या म्हणतो. जागा चांगली आहे." फ्लॅटकडे त्यांनी अजून वळूनही पाहिलं नव्हतं. "दुसऱ्या मजल्याचा वरचा टप्पा बघितलात का कुणी? शेवटून तिसरी पायरी अर्धं बोट उंच आहे. डोळे मिटून चढलो, बरोबर तिथंच ठेच. डोळ्याला दिसत नाही गं ते, पायाला कळतं. खालच्या चार पायऱ्या चढून पायाची खात्री पटलेली असते, पुढची तशीच असणार म्हणून तो विश्वासाने उचलतो, आणि तिथं दगा. इथं माणसं पडत असणार."

मावशी चमकली. मागच्या वर्षी दोन शेजारणी तिथेच पडल्या होत्या, आणि इमारतीने त्याचं खापर त्यांच्या चपलांवर फोडलं होतं.

जिनेवाल्यांचं ऐकायला लक्ष कुठे होतं? खाली सेक्रेटरी भेटले, त्यांच्याशी बोलणं झालंसुद्धा. एक पायरी धरली की सगळा टप्पा धरावा लागतो, टप्पा धरला की त्याला जोडलेला वरचा-खालचा. कठडे तर सगळेच हलतात. तळमजल्यावर सायकली ठेवायची खोली रिकामी आहे, तिथे आपला सुतारकामाचा बाक मांडता येईल. सेक्रेटरी म्हणाले, तुमच्यासारखा माणूस राहायला आला तर इमारतीचं भाग्य. वर्ष-दोन वर्षांचं काम सहज आहे.

आणि मग अशी काही उलथापालथ झाली, की बघणाऱ्याने कुठून कुठे बघावं. बाबा इतके खूश पाहून धाकटीला भरून आलं; ती म्हणाली, बाबांना आवडलंय ना, मग घ्या, जमीन काय चाटायचीय? थोरला तिच्याशी एकदम सरळ बोलायला लागला, तेही विरोधात. या वयात बाबा इमारतीचे जिने दुरुस्त करणार? त्याची गिऱ्हाइकं याच भागातली, ती येता-जाता बघणार, चष्मेवाल्याचा बाप पायऱ्यांवर उकिडवा बसलाय. मावशीचा चेहरा तर उतरलाच होता. मेहुण्यांनी पाऊल टाकलं नाही तोच तिच्या इमारतीत खोट काढली. ती म्हणाली, भावोजी, लिफ्ट असताना जिन्याला विचारतं कोण? यावर जिनेवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विचारलं होतं की तोंड असताना नाक कशाला.

त्या गलबल्यात माई खिडकीशी उभ्या होत्या. ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीकडे निघालं होतं. माणूस देवाजवळ एखादी गोष्ट मागत राहतो, मागत राहतो, आणि देव एके दिवशी ती देतो; फक्त आतला गर काढून घेतो आणि साल हातात ठेवतो. अशा वेळी रडावं की हसावं ते कळत नाही. फ्लॅट मिळत होता. लिफ्ट मिळत होती. आणि तळमजल्यावर बाक. पुन्हा भुशाने माखलेला सदरा, पुन्हा झाकून ठेवलेलं ताट, पुन्हा 'आलोच'.

"मला नको हा फ्लॅट," माई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांच्या माना वळल्या.

"आई?" थोरला म्हणाला. "अगं, तूच तर..."

"मीच. आता मीच नको म्हणते."

थोरला आणि धाकटी एकदम बोलायला लागले. मावशीने मात्र बहिणीकडे एकदाच नीट पाहिलं आणि थर्मासचं झाकण लावलं. इतकी वर्षं लाइनी जोडल्या होत्या तिने. कुठली जोडून दिल्यावर आपला कान काढून घ्यायचा, हे तिला बरोबर समजायचं. "चला रे दोघं खाली. त्या बाईंपाशी कुणी नाही," म्हणत तिने भाच्यांना दंडाला धरून उठवलं. जाताना तिने दार अर्धवट लोटलं.

दोघंच उरले. जिनेवाल्यांनी फूटपट्टीची घडी घातली, उघडली, परत घातली.

"सगळं मनासारखं झालं आणि आता नको म्हणतेस?"

"तुमच्या मनासारखं झालं."

"तुझ्या गुडघ्यांसाठीच ना आपण..."

"माझ्या गुडघ्यांचं नाव घेऊ नका." माई खिडकीपासून वळल्या. "तुम्ही त्यांच्यासाठी जिना केलात. मी गुडघ्यांचं कधी बोललेच नव्हते. मी म्हणायचे, जरा बसा. तुम्हाला ऐकू यायचं, गुडघे दुखतात."

जिनेवाल्यांच्या हातात फूटपट्टी अर्धी उघडी राहिली.

"मला असं घर हवं होतं, जिथे तुम्हाला करायला काही म्हणजे काही नसेल. छप्पर दुसऱ्याचं, नळ दुसऱ्याचे, जिना दुसऱ्याचा. म्हटलं, मग तरी हा माणूस हात रिकामे घेऊन माझ्याजवळ बसेल. तेवढ्यासाठी फ्लॅट. आणि तुम्ही इथे येऊन, वर यायच्या आधीच, काम शोधून काढलंत."

खालच्या आवारात मुलं चेंडू खेळत होती, तो भिंतीवर आपटल्याचा आवाज तेवढा वर येत होता. मग जिनेवाले जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्या बापाने हत्यारं खाली ठेवली, आणि त्याच थंडीत..."

"ठाऊक आहे. उशाशी मीच होते."

"मग?"

"मग काय? ते एकटे बसले होते. सासूबाई कधीच गेलेल्या. तुम्ही दोन कामांच्या मागे, मी पोराच्या मागे. त्यांच्याजवळ बसायला कुणी नव्हतं म्हणून ते गेले. हत्यारं ठेवली म्हणून नाही." माई एक पाऊल पुढे आल्या. "तुम्ही एकटे बसणार नाही."

जिनेवाल्यांनी बापाच्या मरणाकडे कधी असं पाहिलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. इतकी वर्षं त्या भीतीकडे पाठ फिरवून ते पायऱ्या चढत आले होते, आणि ती भीती काय आहे हे बायकोने एका वाक्यात सांगून टाकलं. त्यांनी फूटपट्टी खिशात घातली. वर्तमानपत्रावर बसले. मांडी जमेना, पाय लांब केले, ते बरं दिसेना, परत घेतले. हात कुठे ठेवायचे तेही कळत नव्हतं त्यांना.

"बसून करायचं काय?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं, त्यात थट्टा नव्हती.

"काही नाही."

"बोलायचं?"

"सुचलं तर."

माई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. बसताना गुडघा कुरकुरला, आणि जिनेवाल्यांनी तो ऐकला, पण काही बोलले नाहीत.

दार ढकलून धाकटी डोकावली. खाली त्या बाई निघायच्या तयारीत होत्या. काय सांगायचं, हे विचारायला तिला पाठवलं होतं. आईबापांना असं जमिनीवर शेजारी शेजारी बसलेलं बघून ती दारातच थांबली. तिने आपल्या आयुष्यात हे दृश्य पाहिलं नव्हतं.

"सांग, घेतला म्हणून," जिनेवाले म्हणाले. मग घसा साफ केला. "आणि सेक्रेटरींना सांग, जिन्याचं मला जमणार नाही. चांगला कारागीर सुचवतो म्हणावं. पण त्यांचं त्यांनी बघावं."

धाकटीने आईकडे पाहिलं. माईंनी मान हलवली. ती पोरगी, जिचा आवाज तलावभर जातो, एक शब्द न बोलता पायांचा आवाज न करता गेली. दार मात्र उघडंच राहिलं.

बाप्याच्या जातीला एवढं बोलायला किती जड गेलं असेल, ते माईंनाच माहीत. वाटेत वाकडी पायरी दिसली तर दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला असतानाही हा माणूस हातोडी मागायचा. आता तो भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते, कुणाचे तरी विसरून राहिल्यासारखे.

लिफ्ट परत बंद पडली असावी; खालून कुणीतरी जिना चढू लागलं. एकेक पाऊल. दुसरा मजला आला. टप्पा वळला. दोघांचेही कान तिकडे लागले. आणि मग त्या पायरीशी चप्पल फटकन आपटली, कुणीतरी कठडा पकडला, तो खडखडला, पाऊल सावरलं आणि पुढे निघालं.

जिनेवाल्यांचे खांदे उचलले गेले. माईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. खांदे हळूहळू खाली आले.

तेव्हा माईंना एक गोष्ट कळली आणि त्यांना हसूच आलं. आपण नवऱ्याचा कान जिन्यावर आहे म्हणून रागावतो. पण आपला तरी कुठे होता? त्या जिन्यांच्या घरात इतकी वर्षं काढली. सासऱ्यांचं पाऊल, पोरांची धडधड, रात्री उशिरा कामावरून आलेल्या याच माणसाचं पाऊल. चढण्यावरून त्यांना समजायचं की तो दमलाय की भुकेला आहे, काम मनासारखं झालंय की नाही. बसून कुणी शिकवलं नव्हतं. ऐकता ऐकता आलं.

"अंगाने जड आहे माणूस," जिनेवाले हळूच म्हणाले. "डावा गुडघा दुखतोय त्याचा."

"त्याचा नाही, तिचा," माई म्हणाल्या. "आणि डावा नाही, उजवा."

"कशावरून?"

"दुखऱ्या पायावर कुणी भार ठेवत नाही. तो टेकला न टेकला की दुसरा लगेच येतो. ऐका ना."

जिनेवाल्यांनी डोळे मिटले. पावलं चौथ्या मजल्यावर आली, दारावरून एक जाडजूड बाई पिशवी सांभाळत गेली, आणि वर चढू लागली. जिनेवाल्यांनी डोळे उघडले नाहीत, पण मान डोलावली. "उजवा," त्यांनी कबूल केलं.

पावलं वरच्या मजल्यावर जाऊन विरली. एक दार उघडलं, मिटलं. जिनेवाले अजून तसेच होते, डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून.

"आता काय ऐकताय?" माईंनी विचारलं.

"दुसरं कुणी येतंय का, ते."

"येईल," माई म्हणाल्या. "बसा."